चिंचेने घासलेला सम्राट

तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत करण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे, की तिच्यामागे रसायनशास्त्र आहे याचाही आपल्याला विसर पडतो. चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यावरची काळपट ऑक्साइडे आणि हिरवट कार्बोनेटे विरघळवते व खालचा गुलाबी धातू उघडा पडतो. शाळांमधील विज्ञानमेळाव्यांत हा प्रयोग मी अनेकदा करून दाखवला आहे. हाच प्रयोग मी एकदा एका रोमन सम्राटावर केला आणि सोळाशे वर्षे टिकून राहिलेला पुरावा वीसेक मिनिटांत नाहीसा केला. त्या सम्राटाची आणि त्याच्या नाण्याची ही हकिगत आहे.

डॉक्टरेटनंतरची दोन वर्षे मी जर्मनीत होते. तेथे सुटीच्या दिवशी जुन्या वस्तूंचे बाजार भरतात. अशाच एका बाजारात एका विक्रेत्यासमोर पसरट खोक्यात मातीने माखलेली नाणी पडली होती. पाटीवर लिहिले होते, 'रोमन, चौथे शतक, साफ न केलेली'. दर नाण्याला दोन युरो. इतकी जुनी वस्तू इतकी स्वस्त कशी, असे मलाही वाटले. पण चौथ्या शतकात रोमन साम्राज्याने तांब्याची नाणी अफाट संख्येने पाडली. ती जमिनीत पुरली गेली, हरवली, आणि आजही ब्रिटनपासून सीरियापर्यंतच्या शेतांतून निघत असतात. मी दहा नाणी घेतली. ती कुठल्या शेतातून आली, हे मी विचारले नाही. त्याविषयी पुढे लिहीनच.

दहांपैकी नऊ नाणी नखाएवढी आणि ओळख न पटणारी होती. दहावे मात्र मोठे होते. व्यास २३ मिलिमीटर, वजन ५ ग्रॅमच्या आतबाहेर. भिंगाखाली धरल्यावर एका बाजूला मोत्यांचा शिरोबंध बांधलेला चेहरा आणि कडेने अक्षरे दिसत होती. सुरुवातीची झिजली होती, पण पुढे '...ओडोसियस पी एफ ऑग' इतके स्पष्ट होते. मागच्या बाजूला मातीच्या थराखाली एक उभी आकृती असल्याचा भास होत होता, आणि अगदी तळाशी तीन अक्षरे होती : सी, ओ, एन. त्यांच्या आधी किंवा नंतर आणखी एक अक्षर असावे, पण तेथे हिरवट खपली होती. ती तेवढी निघाली की झाले, असे मला वाटले. पुण्यातल्या स्वयंपाकघरात चिंच होतीच.

नाव थिओडोसियसचे होते. थिओडोसियस हा स्पेनमधून आलेला रोमन सम्राट. स्पेनने रोमला दिलेला तो पहिला सम्राट नव्हे. तो मान ट्राजनचा.

ट्राजनचा जन्म इ.स. ५३ मध्ये इटालिका येथे झाला. हे गाव आजच्या सेव्हिल शहराजवळ होते. कार्थेजशी चाललेल्या युद्धात सेनापती स्किपिओने इ.स.पू. २०६ मध्ये आपल्या जखमी सैनिकांना तेथे वसवले, अशी त्याची स्थापनाकथा. म्हणजे ट्राजनचे पूर्वज मुळात इटलीतून गेलेले वसाहतकार. अडीच शतके स्पेनमध्ये राहिलेल्या अशा घराण्याला स्पॅनिश म्हणायचे की रोमन? तंजावरच्या मराठी कुटुंबांना काय म्हणायचे, असाच हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून असते. इतिहासकार डिओ कॅशियस ट्राजनला सरळ स्पॅनिश म्हणतो. त्याच्याआधी परक्या प्रांतातल्या कोणालाही रोमची सत्ता मिळाली नव्हती, पण नर्व्हा या सम्राटाने वारस निवडताना जन्मभूमीपेक्षा योग्यता पाहिली, असेही तो नोंदवतो.

ही निवड आकाशातून पडली नव्हती. दक्षिण स्पेनचा बेटिका प्रांत ऑलिव्हच्या तेलावर गबर झाला होता. रोम शहरात तिबर नदीजवळ मोन्टे टेस्टाचो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. ती मातीची किंवा दगडाची नाही, तर फोडून टाकलेल्या तेलाच्या रांजणांच्या खापरांची आहे, आणि त्यांतले बहुसंख्य रांजण बेटिकाचे आहेत. कित्येक खापरांवर शाईने लिहिलेली वजने, व्यापाऱ्यांची नावे आणि जकातीच्या नोंदी आजही वाचता येतात. इतके तेल ज्या प्रांतातून जात होते, तेथील जमीनदार सिनेटमध्ये पोहोचणारच. ट्राजनचा बाप सिनेटर आणि सेनापती होता. मुलगा इ.स. ९८ मध्ये सम्राट झाला.

त्याच्यानंतर ११७ मध्ये त्याचा आप्त हेड्रियन गादीवर आला. हेही घराणे इटालिकाचेच, आणि आई गेडीजची, म्हणजे आजच्या काडिझची. तरुणपणी सिनेटमध्ये सम्राटाचे भाषण वाचून दाखवताना हेड्रियनच्या गावंढळ उच्चारांना लोक हसले, आणि मग त्याने जिद्दीने लॅटिनवर प्रभुत्व मिळवले, अशी आख्यायिका आहे. ती सांगणारा ग्रंथ फार नंतरचा, बहुधा चौथ्या शतकाच्या अखेरचा आहे, आणि थापा मारण्याबद्दल बदनामही आहे. तरी गोष्ट खरी वाटते खरी! हेल काढून बोलणाऱ्या मुलाला वर्ग हसतो, हे कोणत्या शिक्षकाने पाहिलेले नाही?

हाच हेड्रियन पुढे नाण्यांवर आपल्या मुलखाची आठवण ठेवतो. साम्राज्यातील प्रांतांच्या मालिकेत त्याने हिस्पानियाचे नाणे काढले. त्यावर एक स्त्री खडकाला टेकून पहुडली आहे, हातात ऑलिव्हची फांदी आहे आणि जवळ एक ससा आहे. तेल आणि ससे ही स्पेनची ओळख. दुसऱ्या एका नाण्यावर तर आईच्या गावच्या, गेडीजच्या हर्क्युलिसचे चित्र व नाव आहे.

थिओडोसियसच्या नाण्यांवर मात्र स्पेनचा मागमूस नाही. माझे नाणे हाती आल्यावर मी त्याच्या नाण्यांच्या सचित्र सूच्या चाळल्या. पंख असलेली विजयदेवता, गुडघे टेकलेल्या स्त्रीला उठवणारा सम्राट, झेंडा धरलेला सम्राट, बंदिवानाला केसांनी ओढून नेणारी विजयदेवता. ससा नाही, ऑलिव्ह नाही. स्पेनमध्ये त्या काळी टांकसाळही नव्हती. थिओडोसियसच्या गावच्या बाजारात त्याची जी नाणी फिरली असतील, ती सगळी बाहेरून आलेली.

ते गाव कोणते, यावरही जुन्या लेखकांचे एकमत नाही. पाचव्या शतकातला हायडेशियस, जो स्वतः वायव्य स्पेनचा होता, तो सांगतो की थिओडोसियस गॅलिशिया प्रांतातील काउका गावचा. हे आजच्या सेगोव्हिया प्रांतातील कोका. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसून लिहिणारा मार्सेलिनस मात्र त्याला इटालिकाचा, म्हणजे ट्राजनच्या गावचा ठरवतो. दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा? जवळचा आणि आधीचा साक्षीदार हायडेशियस आहे. शिवाय मार्सेलिनसची चूक का झाली असेल हेही समजते. थिओडोसियसला ट्राजनचा वंशज बनवण्याचा उद्योग त्याच्या हयातीतच सुरू झाला होता. ३८९ मध्ये रोममध्ये पॅकाटस या वक्त्याने त्याचे स्तुतिगान केले, तेव्हा ट्राजन आणि हेड्रियनला जन्म देणारी भूमी म्हणून स्पेनचा गौरव केला. ३९५ नंतर लवकरच लिहिलेल्या एका संक्षिप्त इतिहासात तर थिओडोसियस ट्राजनच्या कुळातला असून रूपानेही त्याच्यासारखा होता, तीच उंची, तेच केस, तोच चेहरा, असे म्हटले आहे. त्यासाठी जुन्या लेखनाचा आणि चित्रांचा हवाला दिला आहे.

ट्राजनला मूलबाळ नव्हते. तेव्हा थेट वंशज असण्याचा प्रश्न निकालात निघतो. पण 'चेहरा सारखा होता' या दाव्याची तपासणी नाण्यांवरून करता येईल की नाही? ट्राजनची नाणी पाहा. कपाळावर सरळ विंचरलेले आखूड केस, लांब नाक, आवळलेले पातळ ओठ. वर्षानुवर्षांच्या नाण्यांवर हा माणूस आपण ओळखू शकतो. आता थिओडोसियसचे नाणे घ्या. गुळगुळीत तरुण चेहरा, मोठा डोळा, मोत्यांचा शिरोबंध. शेजारी त्याचा सहसम्राट ग्रेशियन ठेवा, दुसरा व्हॅलेंटिनियन ठेवा, मुलगा आर्केडियस ठेवा. नाव झाकले तर तांब्याच्या नाण्यांवरून यांच्यापैकी कोण कोणता हे तज्ज्ञालाही सांगणे कठीण. चौथ्या शतकाच्या अखेरीस टांकसाळी माणसाचा चेहरा काढतच नव्हत्या. त्या 'सम्राट' नावाच्या पदाचा चेहरा काढत होत्या. मग ट्राजनशी साम्य असल्याचे ना सिद्ध होते, ना खोटे ठरते. त्या प्रश्नावर नाणे मुकेच राहते.

येथे मला या छंदातली खरी गंमत सांगायची आहे. नाण्यावरचे जे काही पाहणाऱ्याला दिसावे म्हणून मुद्दाम घातलेले असते, ते म्हणजे चेहरा, बिरुदे, विजयदेवता, त्याच्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. ती जाहिरात आहे. 'डी एन' म्हणजे आमचे स्वामी, 'पी एफ' म्हणजे धर्मनिष्ठ आणि भाग्यवान. ही अक्षरे सगळ्यांच्याच नाण्यांवर आहेत, सहा महिन्यांत मारला गेलेला असो की सोळा वर्षे राज्य केलेला असो. उलट जे कारभाराच्या सोयीसाठी घातले, किंवा घातलेच नाही पण आपोआप राहिले, ते इतिहासाला जास्त उपयोगी पडते. वजन, आकार, धातूचे मिश्रण, आणि तळाशी असलेली ती बारीक टांकसाळीची खूण.

आपल्या खिशातही असे पुरावे असतात. वर्गात मुलांकडची एक-दोन रुपयांची नाणी गोळा करा आणि वर्षाच्या आकड्याखाली पाहा. छोटा बरफीसारखा चौकोन असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. बहुतेकांनी हे कधी पाहिलेले नसते, कारण ते आपल्यासाठी नसतेच. कोणत्या टांकसाळीने काय पाडले याचा हिशोब राहावा म्हणून ते असते.

रोमन टांकसाळींचेही तसेच. 'एएनटी' म्हणजे अँटिऑक, 'एएलई' म्हणजे अलेक्झांड्रिया, 'टीईएस' म्हणजे थेसालोनिका, 'एलव्हीजी' म्हणजे लुग्डुनम, आजचे ल्यों. या खुणेला जोडून आणखी एक अक्षर असते. ते टांकसाळीतील कार्यशाळेचा क्रमांक सांगते. आता माझ्या नाण्यावरच्या 'सीओएन'कडे या. कोणालाही वाटेल कॉन्स्टँटिनोपल. पण दक्षिण फ्रान्समधील आर्ल शहरालाही चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या घराण्यावरून नवे नाव मिळाले होते, आणि तेथील टांकसाळही 'सीओएन' हीच खूण वापरत होती. साम्राज्याच्या दोन टोकांना एकच खूण! घोळ सुटतो तो त्या जोडाक्षराने. आर्लची टांकसाळ लॅटिन क्रमवाचकाचे पहिले अक्षर खुणेच्या आधी लावते : प्रिमाचा पी, सेकुंडाचा एस, टर्शियाचा टी. कॉन्स्टँटिनोपल ग्रीक अक्षर खुणेच्या नंतर लावते : अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. साम्राज्य ३९५ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे कायमचे विभागले गेले, असे आपण शिकवतो. टांकसाळीतले कारागीर त्याआधीच एका ठिकाणी लॅटिनमध्ये आणि दुसऱ्या ठिकाणी ग्रीकमध्ये मोजत होते. (हा नियम सरसकट सर्व टांकसाळींना लागू नाही. काही ठिकाणी दोन्हींची सरमिसळ आढळते.)

ग्रीक अंकांचे आणखी एक उदाहरण सोन्याच्या नाण्यांवर मिळते. तेथे 'सीओएनओबी' अशी खूण असते. त्यातील 'ओबी' हे शुद्ध केलेल्या सोन्याच्या नावाचे लघुरूप आहे, आणि ग्रीक अंकपद्धतीत ओ म्हणजे ७०, बी म्हणजे २. एका रोमन पौंडातून ७२ नाणी पाडत. रोमन पौंड सुमारे ३२४ ग्रॅमचा धरला, तर एका नाण्याचे वजन साडेचार ग्रॅम येते. संग्रहालयातल्या तराजूवर ती जवळजवळ तेवढीच भरतात.

टांकसाळीच्या खुणेतून केवढा इतिहास निघतो, हे दुसऱ्या एका स्पॅनिश माणसावरून पाहा. थिओडोसियसचे गादीवर येणे अपघातासारखेच होते. त्याचा बाप नावाजलेला सेनापती होता, पण ३७६ च्या सुमारास कार्थेजमध्ये त्याचा शिरच्छेद झाला आणि मुलगा निमूटपणे स्पेनमधल्या जमिनींवर परतला. ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपलच्या लढाईत गॉथ टोळ्यांनी पूर्वेचा सम्राट व्हॅलेन्स याला सैन्यासह संपवले. ग्रेशियनला अनुभवी माणूस हवा होता. त्याने थिओडोसियसला बोलावले आणि १९ जानेवारी ३७९ रोजी सम्राट केले. बापाच्या हाताखाली ब्रिटनमध्ये थिओडोसियसबरोबर लढलेला मॅग्नस मॅक्सिमस हाही स्पेनचाच, आणि थिओडोसियसशी नाते सांगणारा. चार वर्षांनी, ३८३ मध्ये, ब्रिटनमधल्या सैन्याने त्याला सम्राट म्हणून उभे केले. त्याने गॉलमध्ये उतरून ग्रेशियनला संपवले, आणि थिओडोसियसने काही काळ त्याला मान्यताही दिली.

या दोन स्पॅनिश माणसांची नाणी शेजारी ठेवली तर चक्रावायला होते. 'राज्याचा पुनरुद्धार' असे लिहिलेले, गुडघे टेकलेल्या स्त्रीला उठवणाऱ्या सम्राटाचे चित्र थिओडोसियसच्या नाण्यावर आहे आणि मॅक्सिमसच्याही. दोघेही धर्मनिष्ठ, दोघेही भाग्यवान. चित्रे वाचून कोण खरा आणि कोण बंडखोर हे कळणार नाही. आता फक्त टांकसाळी पाहा. मॅक्सिमसची नाणी ट्रियर, ल्यों आणि आर्लची निघतात. ऑगस्टा हे तेव्हाचे नाव असलेल्या लंडनमध्येही त्याने सोने-चांदी पाडली. म्हणजे ब्रिटन आणि गॉल. मग एकाएकी इटलीतल्या अ‍ॅक्विलियाची खूण दिसू लागते. ३८७ मध्ये तो आल्प्स ओलांडून इटलीत उतरला होता. त्यापुढे पूर्वेकडची मालिका वाढत नाही, कारण ऑगस्ट ३८८ मध्ये त्याच अ‍ॅक्विलियाजवळ थिओडोसियसने त्याला पकडून मारले. नकाशावर टाचण्या लावत गेलात, तर एका बंडाचा रस्ता डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि तो कोणा स्तुतिपाठकाने सांगितलेला नसतो.

माझ्या नाण्याच्या बाबतीत आणखी थोडे सांगता येत होते. त्या काळातले थिओडोसियस नावाचे सम्राट दोन. दुसरा हा पहिल्याचा नातू, ४०८ ते ४५० पर्यंत कॉन्स्टँटिनोपलला राज्य केलेला. पण ३९५ मधल्या एका कायद्याने तांब्याची मोठी नाणी चलनातून बंद करून लहान नाणेच ठेवले. माझे नाणे मोठे, म्हणून ते आजोबाचे असणार हे जवळजवळ नक्की. स्पेनमध्ये सापडणाऱ्या साठ्यांत मात्र ही मोठी नाणी कायद्यानंतरही बरीच दिसतात. कायदा एका जागी होतो आणि बाजार दुसऱ्या जागी भरतो. तेव्हा ते आर्लमध्ये पाडलेले, पश्चिमेकडे फिरलेले नाणे होते, की कॉन्स्टँटिनोपलचे, हा प्रश्न महत्त्वाचा होता. आणि उत्तर त्या खपलीखाली होते.

खपली म्हणजे घाण, अशी माझी समजूत होती. भांड्यांच्या बाबतीत ती बरोबरही असते. पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते हे आपल्या आयांना माहीत होते, आणि म्हणून भांडे घासायचे. पण जमिनीत शतकानुशतके पडलेल्या नाण्यात वेगळे घडते. धातूतील तांबे हळूहळू बाहेरच्या थरात ऑक्साइड आणि कार्बोनेट बनते. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, ज्यावर ठशाने अक्षरे उमटवली, तो आता धातूत उरलेलाच नसतो. तो त्या लाल-हिरव्या खनिजथराच्या आत, एखाद्या जीवाश्मासारखा टिकून असतो. आम्लाने थर विरघळवला की अक्षरेही विरघळतात. मी चिंचेच्या कोळातून नाणे काढले, तेव्हा हातात बारीक भोके पडलेली गुलाबी चकती होती. चेहऱ्याची बाह्यरेषा राहिली होती. नाव पुसट झाले होते. मागची आकृती गेली. तळाशी काहीही नव्हते. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाईने हे करावे!

एवढ्यावर भागले नाही. दोन पावसाळ्यांनंतर त्या चकतीवर फिकट हिरवी पूड दिसू लागली. जमिनीतील क्लोराइडमुळे नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइड साठलेले असते. वरचा संरक्षक थर गेला की त्याला हवा आणि ओलावा मिळतो, त्यापासून हिरवे क्षारीय क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी तांब्याला खाते आणि चक्र चालू राहते. संग्रहालयातले लोक याला कांस्याचा रोग म्हणतात. उपाय कोरडेपणाचा. ज्यांना खरोखर साफ करायचे असते, ते महिनोन्महिने ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली, सुईने, कणाकणाने माती काढतात. आम्ल ते वापरत नाहीत. शाळेच्या प्रदर्शनासाठी कोणी मुलगा शेतात सापडलेले जुने नाणे घेऊन आला, तर त्याला चकचकीत करण्याचा मोह होतो. ते तसेच, मातीसकट, सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवावे आणि कोठे, किती खोल, आणखी कशाबरोबर सापडले हे त्याच दिवशी लिहून घ्यावे. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे.

'कशाबरोबर सापडले' याला काय मोल असते, ते १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात दिसले. हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. धातुशोधक यंत्र असलेला त्याचा मित्र तो शोधायला गेला आणि त्याला सोन्याचांदीची नाणी लागली. त्याने थोडे उकरून थांबायचे ठरवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी पंधरा हजारांच्या आसपास नाणी जागच्या जागी नोंदवून काढली. त्यात थिओडोसियस होता, त्याचा मुलगा ऑनोरियस होता, मॅक्सिमसही होता. सर्वांत उशिराची नाणी ४०७-४०८ ची, म्हणजे साठा त्यानंतरच पुरला गेला. चांदीच्या असंख्य नाण्यांच्या कडा कातरलेल्या होत्या, त्यावरून रोमन सत्ता संपत असताना ब्रिटनमध्ये चांदीची टंचाई कशी भागवली जात होती हे समजले. तो हातोडाही सापडला. ब्रिटिश संग्रहालयाने तोही ठेवून घेतला आहे.

माझी दहा नाणी अशाच एखाद्या साठ्यातली असतील. कदाचित नसतील. ती पसरट खोक्यात पडली तेव्हाच त्यांचा शेजार तुटला, आणि तो तुटण्याला माझ्यासारख्या वीस युरो देणाऱ्या गिऱ्हाइकांचाही हातभार आहे. त्यानंतर मी साफ न केलेली नाणी घेतली नाहीत.

या नाण्यांचा आपल्या देशाशी संबंध नाही असे मला तेव्हा वाटत होते. ११६ मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडाशी उभा असलेल्या ट्राजनने भारताकडे निघालेले जहाज पाहिले आणि आपण तरुण असतो तर गेलो असतो, अशी हळहळ व्यक्त केली, असे डिओ सांगतो. तो आला नाही. पण थिओडोसियस आणि त्याच्या मुलांची तांब्याची नाणी आली. तमिळनाडूत करूर आणि मदुराई येथे नदीच्या वाळूत ती मोठ्या संख्येने मिळाली आहेत, श्रीलंकेत तर त्याहून जास्त. आर. कृष्णमूर्ती यांनी करूर, मदुराई आणि तिरुक्कोयिलूरच्या नाण्यांवर १९९४ मध्ये पुस्तकच लिहिले. सोने-चांदी समुद्रापार येणे समजू शकते, पण ज्याची किंमत मायदेशीही नगण्य होती असे ग्रॅम-दीड ग्रॅमचे तांबे कोणी आणि कशाला आणले? स्थानिक बाजारात सुटे पैसे म्हणून ते चालत असावे, हा एक अंदाज आहे. श्रीलंकेत त्यांच्या नकला पाडल्या गेल्या, तो या अंदाजाला पुष्टी देतो. वाळूत वाहून झिजलेल्या त्या नाण्यांवरही तळाची अक्षरे कधीकधी शाबूत असतात, आणि ती वाचून कोणत्या टांकसाळीचे तांबे कावेरीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचले याचा हिशोब मांडता येतो.

माझी गुलाबी चकती आता पुन्हा काळवंडली आहे. ती एका लहान डबीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर आहे. चिंचेत टाकण्याच्या आदल्या रात्री वहीत जे टिपले होते, तेच डबीवरच्या चिठ्ठीत उतरवले आहे : 'थिओडोसियस पहिला. २३ मि.मी. खूण सीओएन, आधी किंवा नंतर एक अक्षर.'